मधली पायरी

महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीच्या जाहिराती एकापाठोपाठ एक वाचत गेले की शिक्षणाचा एक वेगळाच इतिहास हाती लागतो. लिपिक-टंकलेखकाची जागा असेल तर मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला किमान ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द. लघुटंकलेखक व्हायचे तर लघुलेखनाचा वेग ८०. निम्नश्रेणी लघुलेखकाला १००, उच्चश्रेणीला १२०. प्रत्येक आकड्यामागे एक परीक्षा आहे, परीक्षेमागे प्रमाणपत्र आहे आणि प्रमाणपत्राच्या बळावर मिळणारे एक पद आहे. वेग वाढला की पद वाढते, पद वाढले की वेतनश्रेणी. या परीक्षा घेणारी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद पुण्यात आहे आणि टायपिंगचा क्लास ही तर पुण्याच्या पेठांची कित्येक दशकांची ओळख. अरुंद जिना चढून गेले की ओळीने मांडलेली रेमिंग्टन आणि गोदरेजची यंत्रे, तासातासाची बॅच, डाव्या हाताने ए-एस-डी-एफ आणि उजव्या हाताने सेमीकोलन-एल-के-जे, आणि बोटे न बघता चालू लागेपर्यंत तेच ते. गोदरेजने भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर १९५५ मध्ये बाजारात आणला. त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांनी पदवीच्या आधी, पदवीच्या बरोबर किंवा पदवीऐवजी या यंत्रांवर बोटे चालवली.

या छोट्या प्रमाणपत्राची ताकद कशात होती, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. दहावीपर्यंत शिकलेला कोणीही क्लासला बसू शकत होता. शिकवणारा एक आणि परीक्षा घेणारा दुसरा असल्यामुळे निकालावर विश्वास होता. मुख्य म्हणजे एका प्रमाणपत्रावर थांबावे लागत नव्हते. ३० ची परीक्षा झाली की ४० ची, त्यानंतर लघुलेखन, लघुलेखनात पुन्हा चढत्या वेगाच्या पायऱ्या. ज्याच्या घरात इंजिनीअरिंगला घालण्याइतका पैसा नव्हता, जिला घरातून रोज दोन तासांपलीकडे बाहेर पडता येत नव्हते, अशांना कचेरीच्या दारापर्यंत नेणारी ही शिडी होती. संगणक आल्यावर या शिडीचे काय झाले, हा माझा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की शिडी मोडली नाही, तिची मधली पायरी निखळली. तळाची पायरी पूर्वीपेक्षा रुंद झाली, वरची पूर्वीपेक्षा उंच गेली, आणि बारावी झालेल्या, मराठी माध्यमातल्या, बेताच्या परिस्थितीतल्या मुलाला किंवा मुलीला प्रोग्रॅमिंगपर्यंत नेणारी जी पायरी मध्ये हवी होती, ती कोणी नीट बसवलीच नाही. याचा पुरावा पुण्यातच आहे, कारण तळाची पायरी पुण्यात घडली आणि वरचीही पुण्यातच घडली.

पुण्यात संगणकाचे काम सुरू झाले ते टायपिंगच्या अगदी शेजारी. १९७० च्या दशकात पाटणी दांपत्याने अमेरिकेतला मजकूर कागदी पट्टीवर उतरवण्याचे काम पुण्यात आणले. परदेशी गिऱ्हाइकासाठी भारतात बसून माहिती भरायची, ही कल्पना तेव्हा नवीन होती आणि तिला लागणारे कौशल्य म्हणजे अचूक टंकलेखन. त्यानंतर चित्र झपाट्याने बदलले. १९८१ मध्ये फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने टाटांचे संशोधन केंद्र, टीआरडीडीसी, पुण्यात उभे राहिले. त्याच वर्षी इन्फोसिसची नोंदणी पुण्यात झाली. दोन वर्षांनी ती बंगळुरूला गेली. मार्च १९८८ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकची स्थापना झाली, आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक देशापुढे आला. १९९० मध्ये देशातली पहिली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क ज्या तीन शहरांत ठरली, त्यांत बंगळुरू आणि भुवनेश्वरबरोबर पुणे होते. अवघ्या दहा वर्षांत एवढे उभे राहिलेल्या शहराला प्रोग्रॅमर हवे होते, आणि ते कुठून येणार याचे उत्तर आधीच तयार होत होते.

ते उत्तर १९८३ चे. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि पुण्यात एमआयटी, पीआयसीटी, विश्वकर्मा, भारती विद्यापीठाचे इंजिनीअरिंग कॉलेज ही सगळी त्याच वर्षाच्या आसपास सुरू झाली. या निर्णयाने मराठी मुलांना इंजिनीअर होण्यासाठी कर्नाटकात जाण्याची गरज उरली नाही, हे त्याचे मोठे श्रेय. पण त्याचा एक परिणाम फारसा कोणी मोजत नाही. पदवीधर इंजिनीअर मुबलक मिळू लागले, तेव्हा नोकरी देणाऱ्याला पदवी ही चाळणी म्हणून वापरणे परवडू लागले. कामाला पदवी लागते का, हा प्रश्न मागे पडला आणि पदवी मागितली तर रांग आटोपशीर होते का, एवढेच पाहिले जाऊ लागले. मेकॅनिकल किंवा सिव्हिलची पदवी घेतलेला मुलगा सॉफ्टवेअर कंपनीत घेतला जातो आणि तिथे त्याला पहिल्या दिवसापासून प्रोग्रॅमिंग शिकवले जाते, हे पुण्यात गेली तीस वर्षे सर्रास चालले आहे. त्याने पूलबांधणी शिकण्यात घालवलेली चार वर्षे प्रोग्रॅमिंगला उपयोगी पडली म्हणून त्याला घेतले, असे कोणी म्हणणार नाही. चाळणीतून गळून न पडण्याची ताकद त्याच्या घरात होती, एवढेच त्या चार वर्षांनी सिद्ध केले.

मधल्या पायरीचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९८१ मध्ये सुरू झालेल्या एनआयआयटीने आणि १९८६ मधल्या ॲपटेकने शहरोशहरी क्लास उघडले, आणि लक्ष्मी रस्ता, डेक्कन, कॅम्प इथल्या पाट्यांवर टायपिंगच्या जोडीला ‘कॉम्प्युटर’ हा शब्द झळकू लागला. पण इथे शिकवणारा आणि प्रमाणपत्र देणारा एकच होता, आणि फी मध्यमवर्गालाही विचार करायला लावणारी होती. केंद्र सरकारने १९९० मध्ये यावर चांगला उपाय काढला. संगणकाच्या क्लासना मान्यता देणारी डीओईएसीसी योजना सुरू झाली. क्लास कोणाचाही असो, परीक्षा देशभर एक; आणि तिच्या पायऱ्या ओ, ए, बी, सी अशा चढत्या. ओ लेव्हलला बारावी झालेला किंवा आयटीआय झालेला विद्यार्थी बसू शकत होता, आणि त्यात सी भाषेतल्या प्रोग्रॅमिंगचा स्वतंत्र पेपर होता. आता तिथे पायथन आले आहे. ही रचना टायपिंग-लघुलेखनाच्या शिडीची थेट वारसदार म्हणावी अशी. शिकवणारा वेगळा, तपासणारा वेगळा, प्रवेश खालून आणि पायऱ्या वर जाणाऱ्या. कमी होती ती एकच गोष्ट: कोणत्या पायरीला कोणते पद, हे कोणी ठरवून दिले नाही.

दरम्यान वरची पायरी पुण्यात पक्की झाली. सी-डॅकच्या प्रशिक्षण शाळेचा सहा महिन्यांचा ‘डॅक’ हा अभ्यासक्रम १९९० च्या दशकात नावारूपाला आला. दर्जा उत्तम, परीक्षा कठीण, नोकरीची शक्यता मोठी. पण प्रवेशासाठी इंजिनीअरिंगची पदवी किंवा विज्ञान-संगणकातली तिच्या तोडीची पात्रता लागत होती आणि लागते. म्हणजे प्रोग्रॅमिंग शिकवणारे सर्वांत नावाजलेले प्रमाणपत्र चार वर्षांच्या पदवीच्या डोक्यावर बसवले गेले. २००० सालच्या तोंडावर जुन्या प्रोग्रॅममधल्या दोन आकडी वर्षाचा घोळ निस्तरण्यासाठी कोबोल येणाऱ्या माणसांची जगभर गरज पडली, तेव्हा काही काळ ही दारे सैल झाली. साधे विज्ञान पदवीधर, क्लास केलेली मुले यांनाही कामे मिळाली. गरज संपली आणि दारे पुन्हा मिटली. पदवी ही कामाची अट नसून रांगेची अट आहे, हे त्या दोन-तीन वर्षांनी दाखवून दिले होते.

मग २००१ आले. उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, पुण्यात स्थापन झाले. सी-डॅकमध्ये काम केलेले विवेक सावंत त्याच्या प्रमुखपदी आले आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याबद्दल हातचे राखून बोलण्याचे कारण नाही: महाराष्ट्रात संगणक घराघरांत पोहोचण्याच्या कितीतरी आधी संगणकाची ओळख पोहोचली ती या अभ्यासक्रमामुळे. तालुक्याच्या गावीच नव्हे, बाजाराच्या मोठ्या खेड्यातही अधिकृत केंद्र निघाले. अभ्यास मराठीतून करता आला. ५० गुण केंद्रातल्या रोजच्या कामाचे आणि ५० बाहेरच्या परीक्षेचे, परीक्षाही संगणकावरच, आणि ती घेणार तंत्रशिक्षण मंडळ. महामंडळाच्या म्हणण्याप्रमाणे आजवर एक कोटीहून अधिक जणांनी हा अभ्यासक्रम केला. त्या केंद्रांत एका ओळीत कोण बसले होते, ते पाहिले पाहिजे. बारावीच्या सुट्टीतली मुले, पन्नाशीचे प्राथमिक शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, शाळेतल्या मुलांच्या आया. शिक्षक आणि शिष्य एकाच बॅचला बसून माउस धरायला शिकत आहेत, हे दृश्य महाराष्ट्राच्या शिक्षणात पूर्वी कधी दिसले नव्हते. वय, जात, माध्यम, शाखा या सगळ्या भिंती या एका अभ्यासक्रमाने ओलांडल्या. देशात बऱ्याच ठिकाणी संगणक-साक्षरता ही सरकारी फाइलीतली योजना होती, तेव्हा इथे ती रस्त्यावरच्या पाटीवर आली होती.

आणि नेमके इथेच वळण चुकले. सामान्य प्रशासन विभागाचा १९ मार्च २००३ चा शासन निर्णय भरतीच्या जाहिरातींत पुढे कित्येक वर्षे उद्धृत होत राहिला. त्यातले शब्द आहेत, ‘संगणक हाताळणी/वापर’. हे दोन शब्द थांबून वाचण्यासारखे आहेत. हाताळायचा आणि वापरायचा, घडवायचा नाही. त्याखाली उमेदवाराकडे काय हवे याची यादी येते: डीओईएसीसीची सीसीसी किंवा ओ स्तर किंवा ए स्तर किंवा बी स्तर किंवा सी स्तर यांपैकी कोणतीही एक परीक्षा, किंवा एमएस-सीआयटी, किंवा जीईसीटी. ‘किंवा’ हा एक शब्द सगळ्या शिडीला आडवे पाडतो. सीसीसी हा ८० तासांचा ओळखीचा अभ्यासक्रम. ओ स्तर हा प्रोग्रॅमिंगचा पेपर असलेला वर्षभराचा. सी स्तर तर त्याच्याही कितीतरी वरचा. भरतीच्या नियमात सगळ्यांची किंमत सारखी, म्हणजे एक टिक. लघुलेखनाच्या ८० आणि १२० ला एकच पद दिले असते, तर १२० साठी कोणी बोटे झिजवली असती? शहाणा उमेदवार सर्वांत छोटा रस्ता धरतो, आणि त्याने तेच केले. राज्यात ओ लेव्हलचे क्लास विरळ राहिले आणि एमएस-सीआयटीची केंद्रे फोफावली, त्याचे मोठे कारण मला या ‘किंवा’त दिसते. दहा वर्षांनी, ४ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने यादी नव्याने मांडली, पण सपाटपणा तसाच ठेवला.

यावर कोणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की एमएस-सीआयटी प्रोग्रॅमिंगसाठी नव्हतीच. बालवाडीला दहावीचा निकाल विचारण्यासारखे हे झाले. मान्य. दोष एमएस-सीआयटीचा नाही. एमकेसीएलने पुढे प्रोग्रॅमिंगचेही छोटे अभ्यासक्रम काढले. पण प्रमाणपत्राला किंमत अभ्यासक्रमामुळे येत नाही, ती देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मान्यतेमुळे येते. राज्य शासन हे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे नोकरी देणारे. त्याने आपली सगळी मान्यता ‘हाताळणी’वर खर्च केली आणि पुढच्या पायरीसाठी काही शिल्लक ठेवले नाही. पुण्यातच मुख्यालय असलेल्या सारथी या शासकीय संस्थेने मराठा-कुणबी तरुणांसाठी संगणक कौशल्याचा विनामूल्य कार्यक्रम एमकेसीएलच्या केंद्रांतून चालवला; हेतू चांगला, पोहोच चांगली, पण तिथेही भर प्रामुख्याने तळाच्याच पायरीवर.

मधली पायरी शाळा-कॉलेजात होती का, हे पाहण्यासाठी अकरावी-बारावीच्या बायफोकल अभ्यासक्रमाकडे वळले पाहिजे. कॉम्प्युटर सायन्स हा २०० गुणांचा विषय महाराष्ट्रात वर्षानुवर्षे शिकवला गेला, आणि पुण्यातल्या नामवंत कॉलेजांत त्याच्या मोजक्या जागांसाठी चुरस असे. अभ्यासही खरा: सी प्लस प्लस, डेटा स्ट्रक्चर, एचटीएमएल आणि ८०८५ मायक्रोप्रोसेसर. प्रॅक्टिकलच्या टेबलावर उघड्या सर्किटचा एक छोटा बोर्ड, त्यावर सोळा आकडी किल्ल्या आणि लाल अक्षरांची चिमुकली पट्टी. पाच आणि सात यांची बेरीज करायची तर ओळीने सहा बाइट भरायचे: ३ई, ०५, ०६, ०७, ८०, ७६. पहिल्या जोडीने पाच हा आकडा यंत्राच्या ए खणात जातो, दुसऱ्या जोडीने सात बी खणात, ८० म्हणजे बेरीज कर आणि ७६ म्हणजे थांब. मग ए खण उघडून पाहिला की तिथे १२ नसतात, ‘०सी’ असते, कारण पट्टी आकडे सोळाच्या पायात दाखवते. यंत्र नेमके काय करते हे सतरा वर्षांच्या मुलाला इतक्या जवळून दाखवणारा दुसरा धडा शालेय शिक्षणात नव्हता. ८०८५ कधीच जुना झाला होता, ही टीका मला गौण वाटते. सहा बाइटांत जी उकल होते, ती जुनी होत नाही.

पण हा विषय घ्यायचा तर सोडायचे काय, ते पाहा. २०० गुणांची जागा करण्यासाठी एक ऐच्छिक विषय, बहुधा जीवशास्त्र, आणि दुसरी भाषा सोडावी लागे. दुसरी भाषा म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत मराठी किंवा हिंदी. संगणक निवडला की मराठी गेली, अशी मांडणी आपल्याच मंडळाने आपल्याच मुलांपुढे ठेवली. शिवाय हा बायफोकल विषय विज्ञान शाखेतच. कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांसाठी माहिती तंत्रज्ञान हा १०० गुणांचा वेगळा विषय होता, त्याचे वजन तेवढे नव्हते. आणि हे सारे करून बारावीच्या गुणपत्रिकेवर जे २०० गुण आले, त्यांनी पुढे इंजिनीअरिंगच्या प्रवेशापलीकडे काही मिळत नव्हते. कोणत्याही जाहिरातीत ‘बारावीला कॉम्प्युटर सायन्स’ अशी अट नव्हती. पायरी होती, पण ती जिन्याला जोडलेली नव्हती. पुणे विद्यापीठाने बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स विज्ञानाच्या मुलांसाठी आणि वाणिज्य विद्याशाखेत बीसीए, आताचे बीबीए (सीए), वाणिज्याच्या मुलांसाठी काढून बरीच वाट मोकळी केली. हिशेबाच्या वहीकडून जावाकडे जाता येते, हे या दुसऱ्या अभ्यासक्रमाने हजारो मुलांना दाखवले. पण त्याही तीन वर्षांच्या पदव्याच.

यावरचा सर्वांत जड आक्षेप असा की प्रोग्रॅमिंगला गणित लागते, इंग्रजी लागते, तर्कशिस्त लागते. ही गाळणी नैसर्गिक आहे, तिला अन्याय म्हणू नये. गणिताचे पाहू. पहिल्या पायरीवरच्या प्रोग्रॅमिंगला लागणारे गणित म्हणजे टक्केवारी, सरासरी, अट आणि पुनरावृत्ती. वाणिज्य शाखेचा कोणताही चांगला विद्यार्थी ते रोज करतो. चेन्नईच्या झोहो कंपनीने २००५ च्या सुमारास बारावी आणि डिप्लोमा झालेल्या मुलांना विद्यावेतन देऊन शिकवायला सुरुवात केली आणि त्यांना आपल्याच कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून घेतले. विप्रोने बीएस्सी आणि बीसीए झालेल्यांना कामावर घेऊन बिट्स पिलानीच्या साहाय्याने पुढचे शिक्षण दिले. कंपन्यांनी हे दानधर्म म्हणून केले नाही. इंग्रजीचे उत्तर तर पुण्यातच आहे. सी-डॅकच्या जिस्ट तंत्राने देवनागरी संगणकावर आणली, भारतीय लिप्यांचे इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक झाले, एमएस-सीआयटीने मराठीतून कोटीभर लोकांना शिकवून दाखवले. आणि तरीही अप्पा बळवंत चौकात प्रोग्रॅमिंगचे पुस्तक मागितले की हातात पडते ते इंग्रजी. त्यांतले देशभर खूप वापरले गेलेले ‘लेट अस सी’ नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे आहे. म्हणजे शिकवण्याची हातोटी मराठी माणसाकडे होती, बाजार मात्र इंग्रजीचा होता. कोडमधले पंचवीस-तीस इंग्रजी शब्द मराठीतून समजावता येतात. टायपिंगच्या क्लासात इंग्रजी ४० ची परीक्षा मराठी माध्यमाची मुले मराठीतून समजावून घेऊनच देत होती.

मुलींचा प्रश्न वेगळा मांडायला हवा, कारण पुण्याचा त्याच्याशी जुना संबंध आहे. एनिॲक या अमेरिकी संगणकाचे पहिले प्रोग्रॅम सहा स्त्रियांनी रचले. त्या देशात संगणकशास्त्राच्या पदवीधरांत मुलींचे प्रमाण १९८० च्या दशकाच्या मध्याला ३७ टक्क्यांच्या आसपास होते. ते पुढे घसरून त्याच्या निम्म्यावर आले. भारतात तसे झाले नाही. इथे संगणक हे मुलींना ‘चालेल’ असे काम मानले गेले: एसीत बसून, कारखान्याच्या धुळीपासून दूर. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी सुरू केलेल्या संस्थेनेच १९९१ मध्ये कर्वेनगरला मुलींसाठी कमिन्स इंजिनीअरिंग कॉलेज काढले, ही एका शतकाची सलग रेषा आहे. पण ती रेषा पदवीच्या घरांतून जाते. टायपिंग आणि एमएस-सीआयटी यांनी ज्या मुलींना बाहेर काढले, त्या वेगळ्या घरांतल्या होत्या: क्लास चालत जाण्याच्या अंतरावर, फी घरखर्चातून वाचवता येण्याजोगी, तास दोन. चार वर्षे वसतिगृहात राहून शिकण्याची मुभा ज्या मुलीला नाही, तिच्यासाठी वर्षभराचे जवळचे प्रमाणपत्र हेच उच्च शिक्षण असते. मधली पायरी नसण्याची सर्वांत मोठी किंमत तिने मोजली आहे. ती एमएस-सीआयटी करते, डेटा एंट्रीला लागते आणि तिथेच राहते. तिच्याच शेजारच्या टेबलावर प्रोग्रॅम लिहिणारा पदवीधर तिच्यापेक्षा हुशार असतोच असे नाही.

आता कोणी म्हणतो, प्रमाणपत्रांचे दिवस गेले. सगळे इंटरनेटवर फुकट आहे, काम दाखवा आणि नोकरी घ्या. हे बोलणे बहुधा पदवी खिशात असणाऱ्याचे असते. ज्याची कंपनीत कोणाशी ओळख नाही, ज्याच्या आडनावाला, गावाला, कॉलेजला वजन नाही, त्याच्यासाठी तिऱ्हाइताने तपासून दिलेला कागद हाच ओळख करून देणारा. आणि फुकट शिकायला घरी यंत्र लागते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत संगणक असलेली घरे शहरांत २३.४ टक्के होती आणि खेड्यांत ४.४ टक्के. त्यानंतर फोन घरोघरी आले, पण फोनच्या पडद्यावर व्हिडिओ पाहता येतो, दोनशे ओळींचा प्रोग्रॅम लिहून त्यातली चूक शोधता येत नाही. क्लासातले, केंद्रातले, आयटीआयतले ते टेबल अजूनही लागते.

म्हणून शेवटी आयटीआयकडे यावे लागते. औंधच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत आणि राज्यातल्या कित्येक आयटीआयत ‘कोपा’ नावाचा एक वर्षाचा ट्रेड चालतो. पात्रता दहावी. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव. अभ्यासात ऑफिसची सॉफ्टवेअर्स, वेब पान, जावास्क्रिप्ट, डेटाबेस, आणि अलीकडे पायथन किंवा जावा. परीक्षा राष्ट्रीय, प्रमाणपत्र राष्ट्रीय. या नावाचा विस्तार आहे, कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट. म्हणजे आपण शोधत असलेली मधली पायरी, जिच्या नावातच प्रोग्रॅमिंग आहे, सरकारच्याच इमारतीत, सरकारच्याच खर्चाने, दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास मुलांनी भरते. वर्षानंतर त्यांतली बहुतेक मुले ज्या जागांचे अर्ज भरतात, त्या ‘ऑपरेटर’च्या असतात, नावातला उरलेला अर्धा भाग जाहिरातीत क्वचितच दिसतो.

राज्य शासनाच्या प्रत्येक विभागाकडे आज संकेतस्थळे आहेत, तक्ते आहेत, दाखल्यांच्या प्रणाली आहेत, आणि त्यांची किरकोळ दुरुस्तीही बाहेरच्या कंपनीला द्यावी लागते. जिल्हा परिषदेत लघुलेखकाच्या तीन श्रेणी असू शकतात, तर प्रोग्रॅमिंग सहायकाची एक का असू नये? त्यासाठी नवे विद्यापीठ नको, नवी योजना नको, नवा निधीही फारसा नको. सामान्य प्रशासन विभागाने संगणक-अर्हतेच्या यादीतले ते ‘किंवा’ काढावे, कोपा आणि ओ स्तराला एमएस-सीआयटीच्या वरची पायरी म्हणून जागा द्यावी, आणि त्या पायरीला एक पद जोडावे. परीक्षा घ्यायला पुण्यात परिषद बसलेली आहे. ३० आणि ४० शब्दांतला फरक तिने आयुष्यभर काटेकोर मोजला आहे.